चूल वेगळी

सुनीतीबाईंनी मागच्या मोकळ्या जागेत घर बांधायला होकार दिला तो एकाच अटीवर: झोपायचं तिकडं, जेवायचं इकडं. त्यांच्या मुलानं, क्षितिजनं, मान डोलावली. तो कशालाही मान डोलावतो, ते सोडा. सून मिताली "बरं आई" एवढंच म्हणाली आणि ड्युटीवर निघून गेली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती.

दोन खोल्या उभ्या राहिल्या, वर टिनं पडली, आणि घोडं अडलं ते लाइट-पाण्यावर. नळ रस्त्यावर, खांब रस्त्यावर, आणि मध्ये जुनं घर ठाण मांडून बसलेलं. पाण्याचा पाइप बाजूच्या बोळातून नेला. त्यापायी सुनीतीबाईंचं कढीपत्त्याचं झाड गेलं आणि त्यांनी चार दिवस तोंड फुगवलं. पण तेही निभावलं. लाइटचं तसं नव्हतं. एकाच जागेत दुसरं मीटर हवं तर दुसरा संसार दाखवा, असं वायरमन रामलाल सांगून गेला. साहेब पाहायला येतील आणि विचारतील, चूल वेगळी आहे का?

"तू फक्त हो म्हण," क्षितिज म्हणाला. "छोटा गॅस ठेवून देतो तिकडं. साहेब गेले की आणू उचलून."

"काहून पण? आपल्याच मीटरवरून वायर ओढ ना मांग."

"ओढली ना. रोज फ्यूज उडून राह्यला. ती थकून येते अन् अंधारात आंघोळ करते, आई."

हे खरं होतं. दवाखान्यातून आली की मिताली कोणाशी न बोलता थेट मागं जायची आणि अंगावर पाणी घ्यायची. तिच्या कपड्यांना फवारणीच्या औषधाचा वास यायचा. त्या वर्षांत कापसानं मुलुख असा काही नागवला होता की खेड्यांतून औषध प्यालेली माणसं ऑटोत घालून, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून आणायचे, आणि त्यांना पहिला हात लागायचा तो नर्सचाच. क्षितिज कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता, त्याला हे ऐकवत नसे. सुनीतीबाईंना मात्र ऐकल्याशिवाय घास उतरत नसे.

साहेब आले. मागच्या खोलीतला गॅस पाहिला, भांडी पाहिली आणि सुनीतीबाईंकडे वळले. "चूल वेगळी आहे का बाई?"

"आहे."

"एवढी चांगली सून, काहून वेगळी काढली?"

आता इथं गप्प बसायचं. पण गप्प बसणं हा सुनीतीबाईंचा पिंड नव्हे. "पटत नाही आमचं," त्या ठसक्यात म्हणाल्या. साहेब हसले. दारात मिताली उभी होती, ती हसली नाही. खोटं असलं तरी हे आपल्या तोंडून जायला नको होतं, असं सुनीतीबाईंना फार वाटलं.

मीटर बसलं. त्या संध्याकाळी मागचं घर लख्ख उजळलं. सुनीतीबाईंनी भरली वांगी केली, शिरा केला, तीन ताटं घेतली आणि वाट पाहत बसल्या. क्षितिज जेवून उठला तरी मितालीचा पत्ता नाही. मग मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

सुनीतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिचं ताट झाकून, ते हातात घेऊन त्या तरातरा मागं गेल्या आणि दार ढकललं. मिताली ओल्या केसांनी जमिनीवर बसली होती. डोळे सुजलेले होते. समोर नुसता भात होता.

"साहेब गेले ना? मग गॅस इथंच कायले? मी तोंडानं पटत नाही म्हटलं, ते तू खरं धरलं काय वो?"

"नाही आई. त्याचा राग नाही मले."

"मग झालं काय?"

मितालीनं भात बाजूला सारला. "तिकडं मी ताटावर बसली की तुम्ही विचारता, आज किती आणले? वाचले किती? कोणत्या गावचे? मी सांगतो, अन् मग मले जेवण जात नाही. एक दिवस नाही, रोज. इथं कोणी विचारत नाही."

सुनीतीबाईंच्या हातातलं ताट जड झालं. रोज विचारत होत्या खऱ्या. भाजीचा भाव विचारावा तसं विचारत होत्या. ऐकून हळहळायच्या, आणि वर भात वाढून घ्यायच्या.

"नाही विचारणार बाई. माय शपथ, एक शब्द नाही विचारणार. चाल घरी."

"तोंडानं नाही विचारणार तुम्ही," मिताली अगदी मऊ आवाजात म्हणाली. "पण माह्या तोंडाकडं पाहत बसाल. मले समजते ते, आई."

दार ढकलून ते सुजलेले डोळे पाहिले तेव्हा, एवढ्या रागातही, 'आज किती आणले?' हाच प्रश्न सुनीतीबाईंच्या ओठांवर आला होता. आताही तो तिथंच होता. सुनेला जेवू घालण्याचा हक्क आपला राहिला नाही हे त्यांना कळलं.

त्या ताट घेऊन बोळातून परत निघाल्या. सासूला वाट दिसावी म्हणून मितालीनं मागं बाहेरचा बल्ब लावला. सुनीतीबाईंनी वळून पाहिलं नाही. उजेडात त्यांचं रडणं दिसलं असतं.