शेपू संपला!

दिवाळीचा आठवडा आला की नगरच्या भाजीबाजारात मंगळसूत्र ओढणाऱ्यांचा सुळसुळाट व्हायचा. पंच्याण्णव साली तर हद्दच झाली. साहेब मला म्हणाले, "माधुरी, तुझी ती युक्ती उद्या करून बघ. पण एक जरी मंगळसूत्र गेलं, तर बाजार सोडायचा आणि वायरलेसवर बसायचं." कोंदट खोलीत खरखर ऐकत बसायला मी वर्दी चढवली नव्हती. म्हटलं, बघाच आता!

युक्ती सोपी होती. बाजारातला चोर पोलिसांच्या आधी भाजीवालीला दिसतो. पण "चोर, चोर" ओरडलं की चोरच आधी पळतो. म्हणून खुणेचा शब्द ठरवला, शेपू. जिला चोराचा संशय येईल तिने "शेपू घ्या शेपू!" अशी आरोळी द्यायची. बाकीच्यांनी आपापल्या गिऱ्हाइकाला गळा सांभाळायला सांगायचं. मी आणि हवालदार सहादेव साध्या कपड्यांत तिकडे धावणार. शेपूच का, तर त्या ओळीत शेपू कुणी विकतच नव्हतं.

सकाळी बाजार भरतो न भरतो तोच आरोळी आली. मी धावले. बघते तर राहुरीकडच्या लंकाबाई, आणि पुढ्यात हिरव्यागार शेपूचा ढीग!

"चोर कुठंय, लंकाबाई?"

"कसला चोर? शेपू हाय की! ताजा हाय, घ्या."

"अहो, शेपू ही खूण ठरली होती ना?"

"व्हय, म्हून तर आनला. नसलेला माल वरडून इकायचा म्हंजी लबाडी. आमी तसलं करत न्हाई."

मी कपाळावर हात मारला. मागच्या आठवड्यात हिचंच मंगळसूत्र गेलं होतं, म्हणून युक्ती ऐकायला सगळ्यांत पुढे हीच बसली होती. "निदान ओरडू तरी नका," मी विनवलं.

"मंग इकू कसा?"

झालं! दिवसभर आरोळ्या. खरी कुठली, मालाची कुठली, देवाला ठाऊक. तरी प्रत्येक आरोळीला आम्ही धावायचो, कारण न धावून भागणार नव्हतं. सहादेव घामाघूम होऊन म्हणाला, "म्याडम, चोर र्‍हायला बाजूला, माझाच जीव जायचा." मला लंकाबाईचा असा राग आला होता की सांगता सोय नाही. डोळ्यांपुढे वायरलेसची खोली दिसत होती.

दिवेलागणीला गर्दी फुगली. आरोळ्या थांबल्या होत्या. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि कानावर आलं, "शेपू संपला! अगं बया, शेपू संपला!"

संपलेल्या मालाची आरोळी कोण देतं? जगात कुणीच नाही! कप टाकून मी सुटले.

लंकाबाईसमोर वाकलेल्या बाईच्या गळ्याशी एक हात पोचला होता. मला बघताच तो गडी उलटा पळाला. लंकाबाईने ओलं पोतं त्याच्या पायांत फेकलं. गडी घसरला, आणि शेजारच्या धिप्पाड मालनबाई त्याच्या पाठीवर बसल्या त्या बसल्याच. सगळा बाजार टाळ्या पिटत होता. आनंदाने मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

ठाण्यात तो चोर कुरकुरत होता, "सकाळधरनं बघतोय, साहेब. या बाया घडीघडीला शेपू वरडत्यात आन् समदा बाजार गळा धरून उभा! गप झाल्या, तवा म्हनलं आता जमंल."

साहेबांनी मला विचारलं, "दिवसभरात गेली किती?"

"एकही नाही, साहेब!"

"मग वायरलेस विसर. आणि त्या बाईंना सांग, उद्या शेपू जरा जास्त आणा."

मी पळतच स्टँडवर गेले. लंकाबाई एसटीच्या खिडकीशी बसल्या होत्या. मी निरोप सांगितला. त्यांचा हात गळ्यातल्या नुसत्या काळ्या दोऱ्यावर गेला.

"माझं डोरलं गेलं ते गेलंच, पोरी," त्या म्हणाल्या. "पर त्या बाईचं र्‍हायलं. उद्या दोन पोती आनते."