इग्नातचं लाकूड

प्रोकोपीला जाग आली ती ट्रकच्या आवाजाने, आणि त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वासच बसेना. आक्सिन्याआक्काच्या खाणावळीत, चुलीमागच्या खाटेवर तो तापाने फणफणून पडला होता. किती वेळ, देव जाणे. एक चहा ढोसून निघू म्हणून थांबलेला हा शहाणा! टाकीत डिझेल तळाला आणि इंजिन नेहमीसारखं कंजूषपणाने अगदी मंद ठेवलेलं.

बाहेर उणे पन्नासच्या खाली. सायबेरियातल्या याकुतियात हिवाळाभर कुणी ट्रकचं इंजिन बंद करत नाही. बंद पडलं की डिझेल थिजतं आणि गाडीचा धोंडा होतो. शिवाय मागच्या पेटाऱ्यात गावाच्या शाळेचे बटाटे आणि कांदे होते. इंजिनाच्या उबेवरच ते तग धरून होते, आणि बर्फ वितळेपर्यंत पोरांच्या ताटात पडणार होते तेवढेच.

"आक्का! माझी गाडी चालू आहे?"

"ऐकू येतंय ना? मग झालं तर."

"अगं पण डिझेल कुठून आलं? टँकर आला का?"

"कसला टँकर नि काय! नदीचं पाणी बर्फाखालून फुटून रस्त्यावर चढलं नि गोठलं. तू आडवा झालास तेव्हापासून इथून चिटपाखरू गेलेलं नाही. आज कुठे बुलडोझरने वाट केली. ऊठ, दोन घास खा."

तिने तव्यावरचं पहिलं धिरडं पुढे केलं. प्रोकोपीने त्याचा तुकडा मोडला आणि वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे चुलीत टाकला. "आगआजोबा, फार उपकार झाले रे तुझे! पोरांचा घास राखलास."

आक्काने पळी आपटली. "आजोबांनी डिझेल ओतलं काय रे? बाहेर जाऊन बघ जरा. मला सांगू नको म्हणालाय, म्हणून मी आपली गप्प."

प्रोकोपी कसाबसा कोट चढवून बाहेर आला. इंजिनाचा सूर त्याने ठेवला होता त्याहून चढा होता. त्याने केबिनचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. ॲक्सिलरेटरचं पेडल आणि सीट यांच्यामध्ये एक लाकूड पाचर मारून बसवलेलं होतं, टोकाला लाल चिंधी गुंडाळलेलं. असं लाकूड या रस्त्यावर एकाच माणसाचं.

इग्नात! एके काळी दोघांचा भागीदारीत एक ट्रक होता. नुसतं मंद चालवून इंजिन गरम राहत नाही, आतून गारठत जातं, असं इग्नात म्हणायचा आणि लाकूड लावून त्याला पळतं ठेवायचा. डिझेल फुकट जातं म्हणून प्रोकोपीने एकदा भर रस्त्यात ते लाकूड खिडकीबाहेर भिरकावलं. त्याच हिवाळ्यात इंजिन मेलं, दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं, आणि तेव्हापासून ते एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

आणि आता तोच इग्नात शेजारच्या सीटवर, कोटात मान खुपसून, घोरत होता! पलीकडे त्याचा ट्रक पांढराफटक होऊन उभा होता. त्यातून आवाज येत नव्हता.

"इग्नात!"

"ओरडतोस कशाला? बहिरा नाही मी."

"तुझी गाडी बंद?"

"तुझ्यामागोमाग आलो नि इथेच अडकलो. डिझेल एकीपुरतंच होतं. माझी रिकामी चाललेली, तुझ्यात बटाटे. तिच्या इंजिनातलं पाणी काढून ठेवलंय, गोठून फुटायचं नाही. उठवीन उन्हाळ्यात. तू नीघ."

"आणि तोवर खाशील काय?"

"तुझे बटाटे तर नाही ना मागत?"

प्रोकोपीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवरच गोठलं. "तुला इथे टाकून मी एक पाऊल हलत नाही," तो म्हणाला, आणि हललाही नाही.

त्याने आपला ट्रक इग्नातच्या ट्रकला भिडवला. आक्काच्या चुलीचं जुनं धुराडं आपल्या सायलेन्सरला जोडलं, त्याचं तोंड इग्नातच्या इंजिनाखाली सारलं, भोवती ताडपत्री लावली, आणि लाकूड स्वतःच्या हाताने आणखी आत ठोकलं. गरम धूर आत घुमू लागला. चुलीशेजारी उबेला ठेवलेल्या इग्नातच्या गाडीच्या बॅटऱ्या आक्काने "माझं घर आहे की गॅरेज?" असं करवादत दिल्या, आणि उकळत्या पाण्याची पातेलीही दिली. आपल्या टाकीतलं निम्मं डिझेल प्रोकोपीने बादलीने परत इग्नातच्या टाकीत ओतलं.

"पुरेल का दोघांना?" इग्नातने विचारलं.

"नाही पुरलं तर एक दुसरीला ओढील."

दुपारी इग्नातचं इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि काळा धूर ओकत चालू झालं. आक्का दारात उभी राहून लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती.

"बाबा रे, तुझे उपकार कसे फेडू?" प्रोकोपी म्हणाला.

"आधी माझं लाकूड दे."

"नाही देत. तू दुसरं तास. मागचं मी फेकून दिलं, हे तरी मला जपू दे."

इग्नातने हातमोज्याने नाक पुसलं. "हे तेच आहे, गाढवा. तुला घरी सोडलं आणि मागे येऊन बर्फातून शोधलं होतं मी."

प्रोकोपीने ते लाकूड पेडलवरून काढून इग्नातच्या हातात ठेवलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

"पुरे आता," इग्नात म्हणाला, "कांदे गारठतील."