तळघरातली जाळी

डक्ट साफ करणाऱ्या कंपनीच्या बाईचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी तिला विचारलंच, "माझ्या डक्टमध्ये बुरशी आहे हे तुला तिकडे बसून कसं गं दिसलं?" ती म्हणाली, "मॅडम, नव्व्याण्णव डॉलरमध्ये अख्खं घर, फक्त याच आठवड्यात!" मी फोन आपटला. 'फक्त याच आठवड्यात' म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा भरवसा नाही.

पण डक्ट, म्हणजे खोल्याखोल्यांत हवा नेणारे ते पाइप, साफ करून घेणं भाग होतं. माझी नात टेस, पाच वर्षांची, माझ्याकडे दोन रात्री राहिली की तिसऱ्या दिवशी तिला धाप लागते. ऑगस्टमध्ये तर तिला इस्पितळात न्यावं लागलं. तेव्हापासून माझी मुलगी कॉरा अडून बसली आहे. "आई, तुझ्या घरातल्या हवेत काहीतरी आहे. ते शोध, मगच आम्ही थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊ." एकुलती एक नात. माझ्या जीवाचं काय होत असेल!

आधी एका चकचकीत जाहिरातीवाल्या कंपनीची दोन माणसं आली. गाडीवर नाव नाही, कागदावर पत्ता नाही. पाच मिनिटांत एकानं मोबाइलवर फोटो दाखवला. काळीकुट्ट बुरशी. "आजी, हे तुमच्याच घरातलं." मी चष्मा लावला. फोटोतला पाइप गोल, चंदेरी, वाकडातिकडा. माझे डक्ट चौकोनी पत्र्याचे, घराइतकेच जुने.

"कुणाच्या घरातलं रे हे? चला, निघा आधी!"

पायऱ्या उतरताना एकजण 'थेरडी' म्हणाला. मी दारातून ओरडले, "थेरडी आहे, खुळी नाही!"

मग आला डक्ट साफ करणारा ऑर्विल स्टॅम्पर. साठीचा माणूस, फोनवर किंमतच सांगेना. "आधी बघतो, मग बोलू." म्हटलं, हा जास्तच बेरकी दिसतोय. परवाना मागितला, विम्याचा कागद मागितला, त्याच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले, गाडीचा नंबर लिहून ठेवला. माणूस चिडेचना. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानं डक्टमध्ये कॅमेरा घातला आणि मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. "फार घाण नाहीये, बाई. एवढ्यासाठी साफ करायची गरज नाही."

कामाला आलेला माणूस काम नको म्हणतोय! काहीतरी डाव असणार. मी तळघरात त्याच्या मागोमाग गेले. तिथं घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी घरातली हवा ओढून घेणारी जाळी आहे. तिच्या पलीकडचा फिल्टर त्यानं बाहेर काढला.

"कधी बदललात?"

"तारीख आहे त्यावर." मी प्रत्येक फिल्टरवर तारीख घालते, उगाच कुणी जुना झाला म्हणून गळ्यात नवा मारायला नको. तीन ऑक्टोबर. जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि फिल्टर चहासारखा तपकिरी. त्यानं वास घेतला.

"घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कुणी नाही. माझा नवरा ओढायचा. कॅन्सरनं गेला, सहा वर्षं झाली. त्याला पुरलं त्याच दिवशी मीही सोडली."

त्यानं जाळीसमोरच्या स्टुलाकडे बघितलं.

"कपडे धुताना बसते मी त्यावर," मी म्हटलं.

"मशीनकडे पाठ करून?"

त्यानं पेटीतून हवा कुठं जाते ते दाखवणारी धुराची कांडी काढली. "ही मी इथं जाळीशी पेटवतो. तुम्ही नात झोपते त्या खोलीत जाऊन उभ्या राहा."

मला वर पाठवून हा खाली काय लांबवणार, असं मनात आलं, तरी गेले. टेसच्या उशीजवळच डक्टचं तोंड आहे. मिनिटभरात तिथून धुराचा वास आला.

मी पलंगावर बसले. तळघरात मी रोज दोन सिगारेटी ओढायचे, फार तर तीन. जाळीशी तोंड नेऊन धूर सोडायचा, जाळी तो गपकन ओढून घ्यायची, आणि मला वाटायचं, गेला बाहेर. सहा वर्षं मला तसंच वाटत होतं.

खाली आले तेव्हा तो पेटी आवरत होता. मी म्हटलं, "साफ करा. आणि साफ केल्याचा कागद द्या. मुलीला कागद दाखवला की झालं." लाज वाटली, पण म्हटलं.

"कागद देईन, बाई. पण नातीला त्या खोलीत झोपवू नका." मी खूप वेळ जाळीकडे बघत राहिले. मग म्हटलं, "राहू दे, कागद नको." तो तपासणीचे पैसे घेऊन गेला.

कॉराला मी लगेच फोन लावला, नाहीतर लावलाच नसता. "काय निघालं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आई, तुझ्याकडून आलो की टेसच्या बाहुलीच्या केसांना सिगारेटचा वास येतो. दर वेळी. विचारलं असतं तर तू अंगावर आली असतीस."

"आले असते."

"मग आता सोडतेस? येऊ आम्ही?"

'या' हा शब्द अगदी तोंडात आला होता. पण तळघरात साबणाच्या डब्यामागे सिगारेटचं अर्धं पाकीट आहे, आणि ते तिथं आहे हे बोलतानाही माझ्या डोक्यात होतं.

"नको," मी म्हटलं. "टर्की भाजून मीच येते तिकडे. टेसला इथं नको आणूस इतक्यात. सोडते म्हणून मी तुझ्या वडिलांना पुरलं तेव्हाही सांगितलं होतं."