फळ्यावरची तुटक रेघ

मी फळा बोलतोय. रंगानं काळा, तोंडानं फटकळ. गोड ऐकायची सवय असेल तर पुढं निघा.

सागाचा आहे मी. नागपूरच्या एका आरामशीनवर चिरला गेलो. सुतारानं पाट्या जोडल्या, काळा रंग फासला आणि एका इंजिनीअरिंग कॉलेजात नेऊन ठोकला. मला वाटलं, पोरं येतील, पाढे म्हणतील. सत्तर सालानंतर माझ्यासमोर येऊन बसले ते टक्कल पडू लागलेले घोडे. दिवसा नोकरी करायचे आणि संध्याकाळी एम.टेक. शिकायचे. कशात, तर प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये. म्हणजे काम वेळेत कसं उरकावं, याचं शिक्षण. ज्या खोलीत हे शिकवत तिच्या भिंतींना शेवटपर्यंत गिलावा लागला नाही.

मला वाचता येत नाही. लिहितात माझ्याच तोंडावर, मी पाहणार कसा? खडू अंगावर कसा फिरतो ते कळतं, बाकीचं कानावर पडतं. एक गोल, एक बाण, परत गोल. पाया आधी, छत मग. एवढं कळायला यांना दोन वर्षं लागत. डस्टर समोर असताना बोटाला थुंकी लावून पुसणारे लोक हे, आणि म्हणे धरणं बांधणार.

त्यांचे मास्तर वामनराव. एकदा त्यांनी सांगितलं, घरचं एखादं काम बाणांनी आखून दाखवा. कोणी विहीर आखली, कोणी घर. शालिकरामनं बहिणीचं लग्न आखलं. हा मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरचा, कोराडीला वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरीला. बाप वारलेला, म्हणून घरचा कर्ता हाच. बहीण नीला त्याच्याजवळ राहून मास्तरीण व्हायचं शिकत होती. स्थळ पक्कं झालं होतं, फाल्गुनातली तारीखही धरली होती.

प्रत्येक बाणावर दिवस लिहिले. मांडवाला दोन दिवस, गांधीबागेच्या बाजारातून लुगडी आणायला तीन, बँडवाल्याशी बोलायला एक. वर्ग खूश. वामनरावांनी विचारलं, मुलीची पसंती कुठे दाखवली? शालिकरामनं लगेच 'मुलीची पसंती' असं पुटपुटत लिहिलं आणि माझ्या अंगावर टक टक टक टोचे मारले. तुटक रेघ. तिला ते लोक डमी म्हणतात. तिला वेळ लागत नाही, खर्च लागत नाही, नुसती जोडायला असते. वामनराव म्हणाले, उत्तम. सगळ्या गाढवांनी ती वहीत उतरवून घेतली.

मधल्या सुट्टीत नीला त्यांच्या राहत्या खोलीची किल्ली न्यायला आली. माझ्यावर लिहिलेलं वाचत उभीच राहिली.

"दादा, हे तुटक काय होय?"

"डमी. तिले वेळ लागत नाही."

"म्हंजे मले विचारनं."

"मायले विचारलं ना वं. घरच्या घरात आनखी कोनाले विचारते?"

"बँडवाल्याले तं एक दिवस देल्ला."

"त्याले विचारा लागते. तो नाही म्हनू शकते."

मागच्या बाकावरचा एक जण फिसकन हसला. नीलानं खडू उचलला आणि त्या टोच्यांवरून अशी रेघ ओढली की माझी कातडी सोलली. इकडून तिकडं, अख्खी.

शालिकराम डस्टरकडं धावला, तेवढ्यात वामनराव आत आले. त्यांना ना भावाशी देणंघेणं, ना बहिणीशी. त्यांना रेघ दिसली. म्हणाले, पुसू नका. अख्खी रेघ आहे तर वर दिवस हवेत. किती ते लिहा.

शालिकरामचा खडू माझ्या अंगाला टेकला आणि तिथंच थांबला. नीला दाराशी उभी होती. मग हा शहाणा तिच्याकडं न बघताच बोलला.

"परीक्षा कधी आहे वं तुही?"

"वैशाखात," ती म्हणाली. "थे झाल्यावर पोरगा पाहीन. मंग सांगीन."

एका छताखाली राहून याला बहिणीची परीक्षा माहीत नव्हती, आणि हा लग्नाचा नकाशा काढत होता. वामनरावांनी एवढंच सांगितलं, की पुढचे सगळे बाण आता सरकवा. त्यानं सरकवले. फाल्गुनातली तारीख गेली.

परीक्षा झाल्यावर नीलानं तो पोरगा पाहिला आणि नाही म्हणाली. शालिकरामनं हे वर्गात सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. बाकी गणित बरोबर निघालं म्हणून त्याला मार्क चांगले पडले. अशी ही विद्या.

आता हिरवे फळे आलेत. मला प्रयोगशाळेमागं आडवा टाकलाय. चपराशाची बायको अंजनाबाई माझ्यावर कुरड्या वाळवते. एम.टेक.पेक्षा हे काम बरं, निदान काही खायला तरी तयार होतं.

शिकलेल्या लोकांनो, एकच सांगतो. घरातल्या पोरीला काही विचारायचं असेल तर घरातच विचारा. आणि विचारलं की गप बसा, तिला बोलू द्या.