मैदाशेठचा कोंडा

गल्लीच्या एका टोकाला थोरल्या भावाची बेकरी, दुसऱ्या टोकाला धाकट्याची. दोन्हीकडे भट्ट्या धगधगत, पण दोघा भावांत विस्तव जात नव्हता. कारण पावाचं होतं. थोरला पांढराशुभ्र, मऊ पाव भाजायचा. लोक त्याला मैदाशेठ म्हणत आणि तोही खुशीत ओ द्यायचा. धाकट्यानं कोंड्यासकट गव्हाचा काळपट पाव काढला, तेव्हा मैदाशेठ त्याच्या दुकानात जाऊन, भर गिऱ्हाइकांत म्हणाला होता, की हा पाव नव्हे, बैलाचं खाणं आहे. माणसानं जिभेला थोडं हाड ठेवावं, पण मैदाशेठचं सगळंच मऊ.

मग एके दिवशी त्याच्या पोटात डावीकडे, खाली, अशी कळ उठली की तो पिठाच्या पोत्यावरच आडवा झाला. अंगात तापही होता. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि समजावलं, की मोठ्या आतड्याच्या भिंतीला जागोजागी छोट्या पिशव्या आल्यात. वय वाढलं की पुष्कळांना येतात, बहुतेकांना पत्ताही लागत नाही. त्याची एक पिशवी मात्र सुजलीय. सध्या औषध आणि पातळ, हलकं खाणं. सूज उतरली की भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य हळूहळू वाढवायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. हयगय केली आणि पिशवी फुटली, तर आतड्याचा तुकडा कापावा लागेल.

कापण्याचं ऐकून मैदाशेठच्या तोंडचं पाणी पळालं. पण कोंडा म्हटल्यावर धाकट्याचा चेहरा आठवला, आणि त्याच्या दारात जाण्यापेक्षा आतडं गेलेलं बरं, असंही एकदा वाटून गेलं.

सूज उतरल्यावर त्यानं मधली वाट काढली. पीठ चाळून उरलेला कोंडा रोज गवळी गाईंसाठी न्यायचा. मैदाशेठ पोत्यांमागे लपून त्यातलाच मूठ-मूठ बोकणे भरू लागला, कोरडाच. "हळूहळू" हा शब्द तो दवाखान्यातच विसरून आला होता. पाण्याचं म्हणाल, तर भट्टीपुढे घाम गाळत तो दिवसभर अर्धा-अर्धा कप चहा घ्यायचा, तेच पाणी.

अति तिथे माती. चार दिवसांत पोट ढोलासारखं ताणलं आणि सकाळचं काम पार अडलं. त्यात गवळी तक्रार घेऊन आला, की हल्ली कोंडा कमी येतो, गाई नाराज आहेत. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीला कोंडा लागला होता.

गवळी हसू दाबत म्हणाला, "शेठ, गाईंना तरी मी भिजवून घालतो."

तो गेल्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, "अहो, कोंड्याच्या कणकेला पाणी किती लागतं?"

"मैद्यापेक्षा कितीतरी जास्त," मैदाशेठ म्हणाला. "कोंडा तहानलेला असतो, आधी त्याला पाणी. बाबांनी आम्हा दोघांना दिलेला पहिला धडा आहे तो."

"आणि तुम्ही किती प्यालात?"

मैदाशेठनं हातातल्या चहाच्या अर्ध्या कपाकडे पाहिलं. एवढा पाववाला, आणि स्वतःच्या पोटातली कणीक त्यानं कोरडी मळली होती.

डॉक्टरीणबाईंनी हजेरी घेतली ती वेगळीच. नुसता कोंडा बंद, कोंड्याच्या पावाचा एक तुकडा रोज, सोबत पाणी. सोसलं तर वाढवा. त्यानं स्वतः तसा पाव भाजून पाहिला, तर विटा निघाल्या. मैद्यावर फिरलेला हात आता त्या पिठाला ओळखत नव्हता.

शेवटी संध्याकाळच्या गर्दीत तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि रांगेत उभा राहिला. लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण रांग त्यानं सोडली नाही. पाळी आली तेव्हा, पूर्वी बोलला होता तितक्याच मोठ्या आवाजात तो म्हणाला, "एक पाव दे. माणसांचा."

धाकट्यानं पाव कापला, एक जाड तुकडा थोरल्यापुढे ठेवला, आणि थोरल्याचा हात तिकडे जाताच तो तुकडा मागे ओढला. गिऱ्हाइकं श्वास रोखून बघत राहिली.

धाकट्यानं माठातलं पाणी पेल्यात काठोकाठ भरलं आणि पुढे सरकवलं.

"आधी पाणी, दादा," तो म्हणाला.

मैदाशेठनं पेला उचलला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला.