सरांच्या ओळीच्या वर

आमच्या गणित विभागात एक फाईल हस्ते परहस्ते फिरते. रेवणप्पा सरांनी ती तयार केली तेव्हा लाटेक हे नावसुद्धा सोलापुरात फार कुणाला ठाऊक नव्हतं. लाटेक या कॉम्प्युटर प्रणालीत आपण नुसता मजकूर आणि हुकूम लिहायचे, पानं तो मांडतो. सर निवृत्त होऊन अक्कलकोटला गेले, फाईल मागे राहिली. प्रबंध लिहिणारा प्रत्येक जण ती आधीच्याकडून घेतो, आपलं सामान खाली भरतो आणि पुढच्याला देतो.

फाईलच्या पहिल्या ओळीत सरांनी लिहिलंय, श्री सिद्धेश्वर प्रसन्न. ही ओळ मशीन वाचत नाही, आपणच वाचायची. दुसरी ओळ सरांचा साचा आत ओढून घेते: समास, मथळे, विद्यापीठाचं चिन्ह, सगळं. या दोन ओळींच्या मध्ये आजवर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लग्नपत्रिकेत कुलदैवत आणि घरातली वडीलधारी यांच्या मध्ये आपलं नाव कोण घुसवतं? तसंच हे.

मला असली भक्ती सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. विभागात मला तिखट म्हणतात. म्हणू देत.

माझी विद्यार्थिनी अक्षता ही चाटी गल्लीतल्या गुरुशांतअण्णांची मुलगी. अण्णांचं चादरींचं दुकान. लहानपणापासून चादरींच्या घड्यांवर बसून अभ्यास केलेली पोरगी, तिनं विषयही तोच घेतला: चादरीच्या नक्षीतलं गणित. एकेक नक्षी म्हणजे तिच्या प्रबंधात चौकटींचा एक तक्ता, आणि प्रत्येक चौकटीत धाग्याचा रंग. शहराच्या पूर्व भागातल्या मागांवर जाऊन जाऊन तिनं त्या नक्षी उतरवून घेतल्या होत्या. रंग काढून टाकले तर तिच्या प्रबंधात बघण्यासारखं काही उरलं नसतं.

प्रबंध जमा करायची शेवटची तारीख उजाडली. पाचला विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं. मुदतवाढ एकदाच मिळते, ती तिनं बाळंतपणात वापरली होती. आज चुकलं तर नोंदणी रद्द आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरात सासूबाई बाळाला सांभाळत होत्या, आणि 'एवढं झालं की झालं' असं त्यांना सांगून सांगून अक्षताची जीभ झिजली होती.

जेवणं उरकून आम्ही विभागातल्या कॉम्प्युटरपुढे बसलो. अक्षतानं आपली प्रकरणं सरांच्या फाईलमध्ये ओतली. आमच्याकडे हे काम सगळेच शेवटी करतात, जणू मुहूर्तच असतो. बटण दाबलं आणि लाटेक अडला. रंगांचं पॅकेज आधीच बोलावलंय, आता वेगळ्या अटींवर पुन्हा बोलावता येणार नाही, पर्यायांची टक्कर होतेय, असं त्याचं म्हणणं.

भानगड अशी होती. रंगांचं पॅकेज, म्हणजे रंग भरायच्या हुकमांचं तयार गाठोडं, सरांच्या साच्यातच साधेपणानं बोलावलेलं होतं. अक्षताला तेच पॅकेज तक्ते रंगवण्याच्या सोयीसह हवं होतं, म्हणून तिनं खाली ते पुन्हा बोलावलं. एकाच पाहुण्याला दोन आमंत्रणं, आणि दोन्हींत मजकूर वेगळा. साचा उघडून दुरुस्त करावा म्हटलं तर तो जसाच्या तसा वापरा असं विद्यापीठानं बजावून ठेवलेलं.

"मॅडम, हिची वळच काढून टाकू की," इंद्रजीत म्हणाला. हा तिच्यामागचा संशोधक, रोज कुर्डुवाडीहून रेल्वेनं येतो. त्यानं ओळ काढली, वाटेतल्या एररवर एंटर दाबत राहिला, आणि पीडीएफ निघाली. आम्ही पानं उघडली. चौकटी सगळ्या पांढऱ्या, आणि प्रत्येक चौकटीत रंगाच्या जागी रंगाचं नाव छापलेलं. मरून, मरून, काळा, मरून.

"वाचलं की कळतंय की," इंद्रजीत हळूच म्हणाला.

"अण्णा गिऱ्हाइकाला चादर दाखवतात का चिठ्ठी?" मी म्हटलं.

अक्षता ती पांढरी पानं बघत होती. तिचे डोळे भरून आले, आणि मलाही गलबलून आलं. ही मुलगी बाळ झोपलं की लिहायची आणि ते उठलं की थांबायची, हे मी पाहिलेलं होतं. मी तिला रडू दिलं नाही. "ओळ परत घाल आणि वर सरकव," म्हटलं. तिनं ती सरांच्या ओळीला खेटून खाली ठेवली. तीच टक्कर.

मग ती त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसली. घड्याळाकडे बघून माझा जीव टांगणीला लागला होता, पण मी तिला घाई केली नाही, आणि माझ्यासाठी हे सोपं काम नाही.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "मागावर सूत चढल्यावर विणकराला रंग बदला म्हणून सांगता येत नाही. अण्णा आधीच निरोप धाडतात. आपण पॅकेज पुन्हा बोलावतोच कशाला? साचा ते बोलावणारच आहे की. त्याच्या आधी फक्त निरोप ठेवायचा, की येताना तक्त्यांचे रंग घेऊन ये."

"असा हुकूम आहे?"

"आहे. पण तो साच्याच्या वर लिहावा लागतो. सरांच्या ओळीच्या वर."

"देवाच्या न् सरांच्या मधी?" इंद्रजीतचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडम, तितं कुनी लिवत न्हाय. निदान सरांना इचारू तरी."

मी काही बोलायच्या आत त्यानं फोन लावलाही, आणि स्पीकरवर टाकला. "सर, तुमच्या वळीच्या वर एक वळ लिवायची हाय. चालंल का?"

"कुटल्या वळीच्या?"

"साच्याच्या, सर. देवाच्या खाली, तुमच्या वर."

सरांच्या बोलण्यात मधूनच कन्नड येतं. "दाक्षायणी मॅडम हायत का तितं? एन्री मॅडम, काय इचारतोय ह्यो?"

मी सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. "म्हंजे आजपातूर वर कुनीच काय लिवलं न्हाय?"

"नाही सर."

"मग लोकांनी तक्त्यात रंग भरले कसे?"

"अक्षताच्या आधीच्या ज्ञानूनं स्केचपेननं भरले होते," मी म्हटलं. "सगळ्या प्रतींत."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अवो, ती वळ मी मशीनसाठी वर ठिवली. माझ्या मानासाठी न्हाय. आय्तु, झालं तर, लिवा की."

अक्षतानं देवाच्या खाली आणि सरांच्या वर आपली ओळ लिहिली. जुनी ओळ खालून काढून टाकली. बटण दाबलं. टक्कर गेली, आणि लाटेकनं नवीनच तोंड उघडलं: मरून नावाचा रंग मला ठाऊक नाही. इंद्रजीतनं कपाळाला हात लावला. अक्षता मात्र चक्क हसली. "रंगांच्या नावांची पेटीही मागायला हवी होती," म्हणाली, आणि त्याच ओळीत स्वल्पविराम देऊन आणखी एक शब्द लिहिला.

पानामागून पान निघत गेलं. लाटेक कुठेही थांबला नाही. आम्ही नक्षीचं प्रकरण उघडलं, आणि चादर समोर आली: मरून जमीन, काळे काठ, मधे पांढरी चांदणी. मी इतकी वर्षं गणित शिकवते, पण तक्ता बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी अक्षताच्या पाठीवर थाप मारली ती जरा जोरातच बसली.

पोर्टलवर प्रबंध चढला, तेव्हा पाच वाजायचे होते. पोचपावती आली. अक्षतानं पहिला फोन सासूबाईंना लावला. "झालं," एवढंच म्हणाली, आणि मग मनसोक्त रडली. मी या खेपेला थांबवलं नाही. इंद्रजीत खाली जाऊन आमच्यासाठी चहा आणि भजी घेऊन आला.

अक्षता आता डॉक्टर झाली आहे. फाईल इंद्रजीतकडे गेली, त्याच्याकडून परवा सृष्टी या नव्या मुलीकडे. सृष्टीच्या प्रबंधात एकही तक्ता नाही, की रंग नाही. ती फाईल घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, देवाच्या आणि सरांच्या मध्ये ही एक ओळ आहे. मला तिचा काही उपयोग नाही. काढून टाकू?"

इंद्रजीत शेजारीच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ती अक्षताची ओळ आहे," मी म्हटलं. "हात लावू नकोस."