पन्नासचा परवाना

तपासणीच्या मॅडम निघाल्याचं फोनवर कळलं, तसं मुकादम सिद्धारामनं टाळ्या वाजवून सांगितलं, "चला, जादा मंडळी आत!"

जादा म्हणजे दहा जणी. सोलापुरातल्या त्या विडी कारखान्याच्या शेडला परवाना पन्नास बायांचा. वळायला बसायच्या साठ. तपासणी आली की हजेरीवर नाव नसलेल्या दहा जणींना तेंदूच्या पाल्याच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचं, हा सिद्धारामचा शिरस्ता. त्या खोलीला बायका गाभारा म्हणत. वाकून शिरायचं, आत अंधार, ओल्या पोत्यांचा गारवा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

सोनाबाई सूप काखोटीला मारून शिरली. तिचा सोमवार होता. ओठांवर जप चालला होता, पण मन सिद्धारामच्या शब्दात अडकलेलं. "एवढ्या खेपेला गप बस मावशी, पुढच्या महिन्यात नाव लावतो." दोन वर्षं तो हेच म्हणत होता. नाव लागलं तर कार्ड, आणि कार्ड असलं तर विडी कामगारांच्या दवाखान्यात घरधन्याला नेता येणार. आडवं झालं की त्यांचा दम कोंडायचा.

"सरक की गं अक्का, देवाला तर जागा ठेव," शेजारची रत्नम्मा पुटपुटली. माढ्याकडून आलेल्या सोनाबाईला तिनंच इथं कामाला लावलं होतं. कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात बाहेर मॅडमचा आवाज आला आणि सगळ्या चिडीचूप झाल्या. तंबाखूची धूळ नाकात चढत होती. खोकला आला की पदराचा बोळा तोंडात.

"बाया पन्नासच आहेत," मॅडम म्हणत होत्या. "मग पायरीवर चपला एवढ्या कशा?"

कामाच्या जागी चपला घालून जायचं नाही, ही बायकांची रीत. बाया लपवल्या, त्यांच्या चपला पायरीवरच राहिल्या होत्या.

"या खोलीत काय आहे?"

"पाला हाय, मॅडम."

"उघडा."

"किल्ली शेठकडं."

दारावर टकटक झाली. अगदी हळू, शेजारीण आल्यासारखी. "आत कुणी आहे का?"

रत्नम्मानं सोनाबाईचं मनगट धरलं. "नको अक्का. शेड बंद पडंल."

सोनाबाईला ते कळत होतं. पण गप बसलं तर पुढचा महिना. आणि तो कधीच यायचा नाही, हे त्या अंधारात तिला लख्ख दिसलं.

"हाय," ती म्हणाली. "आमी दहा जनी हाय."

किल्ली सिद्धारामच्याच खिशात निघाली.

मॅडमनी आरडाओरडा केला नाही. दहाही जणींना आजच्या आज हजेरीवर घ्या म्हणाल्या आणि नोटीस दिली. महिन्याभरात शेड आणि परवाना वाढवा, नाहीतर पन्नासाच्या वर माणूस दिसता कामा नये. मग त्यांची गाडी निघून गेली.

"शेड काय वाढत नसती," सिद्धाराम म्हणाला. "म्हंजे महिन्यानं दहा जनी घरी. का, तर मावशीनं ओ दिली."

"लई गुणाची," मागून कुणीतरी म्हणालं.

"महिन्याभरात कार्ड हुतंय न्हवं, दादा?" सोनाबाईनं खालच्या आवाजात विचारलं.

"हुतंय की. तुझंच आधी लिवतो." त्यानं हजेरीचं पुस्तक उघडलं. "नाव?"

"सोनाबाई."

"नवऱ्याचं?"

लग्न झाल्यापासून तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, कुठंही विचारलं तरी रत्नम्माच पुढं होऊन सांगायची. सोनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. रत्नम्मा मान खाली घालून कात्रीनं पान कापत होती. बाकीच्यांकडं पाहिलं. सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं. सुपावरची एकही मान वर झाली नाही.

"सांगतीस का पुस्तक मिटू?"

तिनं डोळे मिटून महादेवाची क्षमा मागितली.

"हिंदुराव," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

"ऐकू न्हाय आलं," सिद्धाराम म्हणाला. "मोठ्यानं."